पावशाला एक रुपया दंड

दिवाळीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये, असे आमची आई सांगे. तरीही चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी माझे एक भांडण ऐकून घ्यावे. ते इंग्रजीशी नाही. इंग्रजीच्या सहलीशी आहे. आणि खरे सांगायचे तर थोडेसे माझ्याशीच आहे.

जळगाव आणि धुळे ही आमची खानदेशातली मोठी शहरे. दोन्हीकडे आता महानगरपालिका आहेत, आणि गाव मोठे झाले की आईबापांची काळजीही मोठी होते. पोराला इंग्रजी आले पाहिजे! आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई. २००० सालापासून ते पहिलीतच आले. त्यानेही समाधान होईना, तेव्हा एका शाळेने युक्ती काढली. रविवारी मुलांना गाडीत भरायचे, शहराबाहेर न्यायचे आणि संध्याकाळपर्यंत निसर्गातले शंभर इंग्रजी शब्द पाठ करून घरी आणायचे. कल्पना मला पसंत पडली. फळ्यावर 'रिव्हर' लिहून दाखवण्यापेक्षा गिरणेच्या काठी उभे राहून तो शब्द शिकवलेला केव्हाही बरा. म्हणून तर मास्तर या नात्याने मीही बरोबर गेलो.

आषाढाचा पहिला आठवडा होता. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागले की लळिंगच्या किल्ल्याचा डोंगर लगेच समोर येतो. कुरण हिरवे झाले होते. प्रत्येक मुलाच्या हातात शब्दांचा छापील कागद होता, आणि नियम एकच : मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड. दंडाचा डबा माझ्याकडे!

तेवढ्यात झाडीतून एक पाखरू ओरडू लागले. बाईंनी इंग्रजीत विचारले, "हा कोणता पक्षी?" शहरातली पोरे कागदात बोट घालून शोधू लागली. मागे एक शेतकऱ्याचा मुलगा उभा होता. वर्गात तो कधी तोंड उघडत नसे. 'मंद' असा शेरा मीच त्याच्या नावापुढे मारला होता. तो एकदम पुढे येऊन म्हणाला, "सर, हाऊ पावश्या शे. हाऊ बोलना म्हणजे मना बाप पाभर काढस."

मी डबा पुढे केला.

त्याच्याजवळ रुपया नव्हता. तो पुन्हा मागे जाऊन उभा राहिला आणि दिवसभर एक अक्षर बोलला नाही. कागदावरचे उत्तर होते 'ब्रेनफीवर बर्ड'. ते चाळीस मुलांनी तीनदा घोकले.

आता वाचकांनीच न्याय करावा. पाखरू एक, त्याची हाकही एक. चढत चढत जाणारा तो स्वर उकाड्याने कावलेल्या साहेबाच्या कानात शिरला, तेव्हा त्याला मेंदूचा ताप ऐकू आला. आमच्या कुणब्याला त्याच हाकेत 'पेरते व्हा' ऐकू येते. साहेबाला दोष देत नाही. त्याला कुठे कपाशी पेरायची होती? पण ज्या पोराचा बाप त्या हाकेवर पाभर काढतो, त्याने ती विसरावी आणि परक्याचा ताप पाठ करावा, याला शिक्षण म्हणायचे काय? मग दोन्ही शिकवले असते तर? लोक एकाच पाखराला दोन नावे का देतात, ही चर्चा तासभर रंगली असती, आणि 'फीवर' हा शब्द मुले जन्मात विसरली नसती.

मी काही पंडित नाही. मॅट्रिकला इंग्रजीत मला अडतीस गुण होते, म्हणजे काठावरून तीन पावले आत. पण चार पोरांना चार शब्द शिकवताना एक समजले : नवा शब्द जुन्या शब्दाचे बोट धरून येतो. टिटवी घ्या. आपल्याला ती 'टिटिव टिटिव' ऐकू येते. इंग्रजांनी तिच्या ओरडण्यात 'डिड ही डू इट?' ऐकले. कान देऊन ऐका, तसेच वाटते! 'डिड' आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात ठेवायचे, हा व्याकरणाचा धडा त्या टिटवीने एका सकाळी शिकवला असता. मी वर्षभर छडी घेऊन तो शिकवतो, तरी वहीत 'डिड ही वेंट' येतेच.

मुंगसाची तर और गंमत. इंग्रजीतला 'मंगूस' हा मूळ मराठीतूनच गेलेला. आपल्या घरचा शब्द सुटाबुटात परत आला, तर आम्ही त्याला खुर्ची देतो आणि मूळच्या मुंगसाला दंड करतो.

कुणी म्हणेल, अडाण्यांच्या नावांत काय ठेवले आहे? जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सुगरणीच्या खोप्यावर रचलेले गाणे पुढे शाळेच्या पुस्तकात आले. आता न्यायाचे बोलायचे, तर खोपा विणतो तो नर. मराठीने श्रेय बाईला दिले. इंग्रजी त्याला 'वीव्हर' म्हणते, विणकर. इथे साहेबाचे नाव अधिक खरे आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण पोराने झाडाखाली बसून विणणारा कोण ते पाहिलेच नाही, तर त्याला दोन्ही नावे सारखीच पोकळ. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली, आणि इंग्रजी 'हेरनरी'ला 'सारंगागार' असा देखणा शब्द दिला. त्यांनी कुणाला दंड केल्याचे ऐकिवात नाही.

आणि ज्या विलायतेच्या नादाने हे चालले आहे, तिथे काय आहे? २००७ साली ऑक्सफर्डने लहान मुलांच्या शब्दकोशातून 'किंगफिशर' काढून टाकला आणि 'ब्रॉडबँड' आत घेतला. २०१५ साली मार्गारेट अॅटवुडसारख्या लेखिकेने आणि इतरांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. त्यांना आपला खंड्या गेल्याचे दुःख झाले. आम्ही आमचा खंड्या त्यांच्या किंगफिशरवरून ओवाळून टाकतो, आणि वर सहलीचे पैसे भरतो!

यंदाच्या आषाढात मी माझ्या वर्गाला स्वतः लळिंगला नेले. डबा घरी ठेवला. वहीत तीन रकाने आखले : अहिराणी, मराठी, इंग्रजी. पुढे तोच मुलगा चालला, आणि त्याच्यामागे आम्ही सारे. पहिल्या रकान्यात तो सांगेल ते लिहायचे. दुसऱ्याची जबाबदारी माझी. तिसऱ्यासाठी मुलांनी शब्दकोश आणला होता. दिवस मावळेपर्यंत शब्द झाले एकोणीस. पालकांपैकी एकाने विचारले, "मास्तर, फक्त एकोणीस?" मी वही त्यांच्यापुढे ठेवली. तीन ठिकाणी मधला रकाना कोरा आहे. त्या पाखरांची मराठी नावे मलाच ठाऊक नाहीत.