कर मराठी माणसाचा, विवरणपत्र मात्र इंग्रजी!

लोणारच्या भूमीला कर ही गोष्ट नवी नाही. भगवान विष्णूंनी दैत्यसूदन रूपात लवणासुराचा वध केला तो याच परिसरात, अशी पुराणपरंपरेची श्रद्धा आहे. त्याच लवणावर, म्हणजे सरोवरातील क्षारांवर, पुढे राज्यकर्त्यांनी आपली तिजोरी भरली. काच आणि साबण यांना लागणारे क्षार येथे मिळतात व त्यांवरील करातून राज्याला मोठे उत्पन्न होते, अशी नोंद अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे. तो कर परकीय सत्तेचा होता. रयतेने तो द्यावा एवढीच अपेक्षा होती. तो तिला समजावा, अशी चिंता कोणी वाहिली नाही.

आता काळ पालटला आहे. क्षारांचा तो व्यापार लयाला गेला. २०२० साली लोणार सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. दैत्यसूदनाच्या आणि कमळजादेवीच्या दर्शनाला येणारा भाविक, सरोवर पाहायला येणारा प्रवासी व अभ्यासक यांच्यामुळे लॉजमालक, खानावळवाले, गाडीवाले यांना काम मिळते. लग्नसराईत मंडपवाले, केटरर आणि फोटोग्राफर यांचा धंदा चालतो. ही सारी सेवांची कमाई आहे आणि आजचा कर सेवांवरही आहे. राज्य आता आपले आहे. मग करदात्याशी बोलण्याची भाषाही आपली असायला नको का?

सेवांवरील कराचा इतिहास फार जुना नाही. १९९४ साली केंद्राने दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या अवघ्या तीन सेवांवर ५ टक्के कर लावून त्याचा श्रीगणेशा केला. राज्यांना मात्र सेवांवर सर्वसाधारण कर लावण्याचा अधिकार नव्हता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हे चित्र बदलले. तेव्हापासून राज्यातल्या राज्यात दिलेल्या सेवेवरील कराचा अर्धा भाग केंद्राचा आणि अर्धा महाराष्ट्राचा असतो. जकात नाक्यांवरील रांगा, करावर कर आणि निरीक्षकाच्या मर्जीवर चालणारा कारभार यांतून व्यापाऱ्याची सुटका करणारी ही सुधारणा आवश्यकच होती. विवरणपत्र संगणकावरून भरण्याची पद्धतही स्वागतार्ह आहे. टेबलाखालचा हात संगणकाला नसतो, हे काय थोडे झाले?

परंतु सुधारणेचे समर्थन म्हणजे तिच्या उणिवांवर पांघरूण घालणे नव्हे. वर्षाला २० लाख रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणी बंधनकारक आहे. मंडप, रोषणाई आणि भोजन अशी एकत्रित कामे घेणारा तालुक्याच्या गावचा साधा माणूसही ही मर्यादा सहज ओलांडतो. त्याचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, हिशेबाची वही मराठीत आणि गिऱ्हाइकाशी बोलणे अस्सल वऱ्हाडी. मात्र विवरणपत्र भरायला तो बसला की समोर उभे राहते ते इंग्रजी. नोटीस आली तरी इंग्रजीत, तिला उत्तर द्यायचे तेही इंग्रजीत. कायद्याच्या अज्ञानाची सबब चालत नाही, हे तत्त्व न्यायाचेच आहे. पण कायदा ज्याला वाचताच येणार नाही अशा भाषेत त्याच्यापुढे ठेवायचा आणि मग हे तत्त्व ऐकवायचे, हा कोणता न्याय?

विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. त्या काळात एक रुपयाचाही व्यवहार झाला नसेल, तरी दिवसाला २० रुपये. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज निराळेच. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते चुकवले, तर नोंदणी रद्द होऊ शकते; आणि नोंदणी गेली की मोठ्या संस्थांची, सरकारी कार्यालयांची कामेही हातची जातात. शासनाने काही सवलती दिल्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. २०२० पासून शून्य विवरणपत्र मोबाइलच्या संदेशाने भरता येते. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची मुभा मिळाली आणि विलंब शुल्कालाही कमाल मर्यादा घातली गेली. पण शून्य विवरणपत्राचा तो मोबाइल संदेशसुद्धा रोमन लिपीतच पाठवावा लागतो! ओझे हलके झाले. मुस्कटदाबी तशीच राहिली.

याचा परिणाम काय होतो? प्रामाणिक व्यावसायिक आपला पासवर्ड, आपले हिशेब आणि आपली अब्रू दुसऱ्याच्या हाती सोपवतो. कर सल्लागारांचा व्यवसाय सन्मानाचा आहे आणि अवघड प्रकरणात त्यांचे साहाय्य घेणे योग्यच आहे. परंतु सल्ला घेणे वेगळे आणि परावलंबी होणे वेगळे. आपण शासनाला काय लिहून दिले, हेच ज्याला वाचता येत नाही, तो स्वतंत्र देशाचा नागरिक खरा. पण त्या व्यवहारापुरता तरी अंगठाबहाद्दरच ठरतो.

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते : करकायद्याच्या संज्ञा मराठीत आणल्या तर त्या अधिकच अवघड होतील. हा युक्तिवाद जुना आणि पोकळ आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हाही त्या शब्दांची सवय झालेली मंडळी होतीच. शिवाय संज्ञा ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ हीच ठेवली तरी बिघडत नाही. तिच्याखाली दोन ओळींचा मराठी खुलासा द्यायला कोणी अडवले आहे? आणि दाखला हवा तर दूर जायला नको. लोणारचा शेतकरी आपला सातबारा घरबसल्या मोबाइलवर पाहतो, तो मराठीत. ई-पीक पाहणीची नोंद करतो, तीही मराठीत. बँकेचे एटीएम त्याला मराठीत विचारते. जमिनीच्या नोंदींसारखा किचकट विषय मराठीत मांडता येतो, तर कराचाच का येऊ नये?

दुसरी सबब दिल्लीची. जीएसटीचे संकेतस्थळ साऱ्या देशाचे, तेथे एकट्या महाराष्ट्राचे काय चालणार? एक तर जीएसटी परिषदेत मतांचे दोन तृतीयांश वजन राज्यांचे आहे. सर्व भारतीय भाषांचा आग्रह तेथे महाराष्ट्राने धरला, तर त्याला साथ मिळणार नाही असे मानण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, व्यवसाय कर तर संपूर्णपणे राज्याचा आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने १९७५ साली महाराष्ट्राने हा कर आणला. दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून नोकरदाराने आणि व्यावसायिकाने आपला वाटा उचलावा, असा हा उदात्त विचार होता. आजही वर्षाला कमाल २५०० रुपयांपर्यंत हा कर भरला जातो. राज्याच्या विभागाच्या संकेतस्थळावर माहितीची मराठी पाने आहेत. परंतु नोकर ठेवणाऱ्या मालकाला विवरणपत्राचा नमुना प्रत्यक्ष भरायचा असतो, तेव्हा पुन्हा इंग्रजीच आडवी येते. येथे दिल्लीचा संबंध कोठे येतो? १९६४ चा राजभाषा अधिनियम याच राज्याचा आहे ना? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. ज्या भाषेचा गौरव व्यासपीठावर होतो, तिला करखात्याच्या दारात चप्पल काढून बाहेर थांबावे लागते, ही विसंगती कोणालाच टोचत नाही?

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्य युधिष्ठिराला करग्रहणाचा धर्म सांगतात. भ्रमर फुलाला न दुखवता मध घेतो, वाघीण पिल्लाला दातांत धरते पण त्याला इजा होऊ देत नाही, तसे राजाने प्रजेकडून घ्यावे. आपल्या परंपरेत कर ही लूट नाही, तो राजा आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचा व्यवहार आहे. म्हणूनच कर बुडवणे हा राष्ट्रद्रोहाचाच सौम्य प्रकार मानला पाहिजे आणि प्रत्येक व्यावसायिकाने पावती देऊन, वेळेवर विवरणपत्र भरून आपले कर्तव्य पार पाडले पाहिजे. कार्यकर्त्यांनीही आपापल्या गावातील लहान व्यावसायिकांना हे काम शिकवण्याची जबाबदारी उचलावी. सेवाकार्य केवळ पूर आणि भूकंपातच करायचे असते असे नाही.

पण कर्तव्याला दुसरी बाजूही असते. अकबराच्या अंमलदाराला लोणारच्या रयतेची भाषा येत नसेल, तर ते समजण्यासारखे होते. मराठी राज्याच्या करखात्याला ती सवलत नाही. व्यवसाय कराचे विवरणपत्र मराठीत आणणे, ही त्या खात्याने चुकवलेली स्वतःची विवरणपत्राची तारीख आहे. तिला विलंब शुल्क लागत नाही, एवढ्याच कारणाने ती आणखी पुढे ढकलली जाऊ नये.