सरासरीच्या पांघरुणाखाली भूमिहीन!

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे आपण पोराबाळांना सांगतो. त्या लढ्यातले कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातल्या आंबे गावचे. त्यांची वाट मंदिराच्या दाराशी थांबली नाही. 1959 आणि 1964 साली त्यांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. त्या जमिनीच्या प्रश्नाचे आज काय झाले?

2015-16 च्या कृषी गणनेत देशातील एका वहिती खात्याचे सरासरी क्षेत्र 1.08 हेक्टर, तर अनुसूचित जातींचे 0.78 हेक्टर भरले. फरक जेमतेम पाऊण एकराचा. मग दरी बुजत आली म्हणायची काय? मुळीच नाही! सरासरी हे पांघरूण आहे. ते दूर करायचे तर दोन आयतालेख एकावर एक ठेवून पाहावे लागतात. आडव्या रेषेवर जमिनीचे क्षेत्र, एक रंग अनुसूचित जातींचा, दुसरा इतरांचा, दोन्ही रंग पारदर्शक. रंग मिसळतात तिथे दोघांचा वाटा सारखा. एकच रंग उरतो तिथे विषमता उघडी पडते.

मात्र चित्रही फसवू शकते. दोन समाजांची संख्या वेगळी असते, म्हणून आकडे टक्केवारीत हवेत. दुसरे, गणनेतले गट समान नाहीत. 1 हेक्टरपर्यंतचा पहिला गट, तर 4 ते 10 हेक्टरचा गट सहापट रुंद. म्हणून स्तंभाची नुसती उंची नव्हे, तर क्षेत्रफळ टक्केवारीशी जुळले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. कृषी गणना फक्त वहितीखालची जमीन मोजते. ज्याच्याकडे कसायला गुंठाभरही नाही, तो शेतमजूर या चित्रात येतच नाही! 0.78 ही सरासरी जमीन कसणाऱ्यांचीच आहे. शून्याचा स्तंभ जोडल्याशिवाय चित्र खरे होणार नाही आणि तेव्हा टक्केवारी सर्व ग्रामीण कुटुंबांची काढावी लागेल. 2019 सालच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत कुटुंबांची जमीन सामाजिक गटानुसार नोंदवली आहे. तो आधार घेता येतो.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसत्या आकारावरून धारणा फायद्याची ठरत नाही, तिच्यावरचे भांडवल व श्रम पाहावे लागतात, हे त्यांनी तेव्हाच बजावले. आकड्यामागचा माणूस पाहण्याची ही शिकवण आपण विसरलो काय?

जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. पण नुसती डोकी मोजून भागणार नाही. कोणत्या जातीची किती कुटुंबे भूमिहीन, किती एकराखाली, किती दहा एकरांवर, हा तपशील तालुकावार जाहीर झाला पाहिजे. चळवळीतल्या शिकलेल्या तरुणांनी तो मागावा, आयतालेख काढावेत आणि गावच्या बुद्धविहारात लावावेत. दादासाहेबांची वाट पुढे न्यायची तर मोर्चाच्या हातात झेंड्याबरोबर हा कागदही हवा.