खेळाचे स्मारक

खेळाची वर्धापने साजरी होऊ लागली की खेळ संपला असे खुशाल समजावे. मेलबर्नच्या 'द ॲव्हलांचेस' या गटाचा 'सिन्स आय लेफ्ट यू' हा अल्बम नोव्हेंबर 2000 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला. विसाव्या वर्धापनानिमित्त त्याची विस्तारित आवृत्ती 2021 मध्ये निघाली. अशा कृतींविषयी बोलताना 'आंतरसंहितात्मकता', 'कर्त्याचा मृत्यू', 'चिन्हांची मुक्त क्रीडा' ही परिभाषा समीक्षक सढळ हाताने वापरतात. हा वापर केवळ सैल नाही, तो सोयीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मूळ कृतीचे मोल आम्ही नाकारीत नाही. रॉबी चेटर आणि डॅरेन सेल्टमन यांनी जुन्या तबकड्यांतून वेचलेले असंख्य ध्वनितुकडे, म्हणजे सँपल, एकमेकांत असे गुंफले की अठरा गाणी एका सलग प्रवासासारखी वाहत जातात. शीर्षकगीतातला आवाज 'द मेन ॲट्रॅक्शन' या विस्मृतीत गेलेल्या गटाच्या 1968 च्या गाण्यातला आहे. 'फ्रंटियर सायकायट्रिस्ट'मध्ये वेन आणि शुस्टर या कॅनडियन विनोदवीरांचे संवाद मोडून-जोडून नवाच प्रहसनाचा तुकडा घडवलेला आहे. इथे गंमत आहे, आणि त्या गमतीच्या तळाशी मावळलेल्या आवाजांविषयीची हुरहूरही आहे.

प्रश्न आहे तो विस्ताराचा. विस्तारित आवृत्तीत वाढले काय? रीमिक्स. कॉर्नेलियस, स्टिरिओलॅब, कार्ल क्रेग, प्रिन्स पॉल, एमएफ डूम अशी नावे मूळ गाण्यांपुढे कंसात उभी राहिली. ज्या कृतीने कर्तृत्वाची मिरास मोडल्याचे सांगितले जाते, तिचा विस्तार नामवंत कर्त्यांच्या स्वाक्षऱ्यांनी व्हावा, हा योगायोग नव्हे. एमएफ डूम 2020 मध्ये निवर्तला. बार्थने 1967 मध्ये ज्या मृत्यूची घोषणा केली, त्याची बाजाराने केलेली उलटापालट येथे दिसते: कर्ता मरतो, पण त्याचे नाव अधिकच मोलाचे होते.

उलट, जे आवाज या कृतीची खरी सामग्री आहेत, त्यांचे काय? तुकड्यांची संख्या कोणी 900 हून अधिक सांगतो, कोणी 3,500. आकड्याचे कौतुक होते, नावांचे नाही. मॅडोनाच्या 'हॉलिडे'तला बास कुठे वाजतो हे सर्वांना ठाऊक असते, कारण तिची परवानगी मिळाली हीच मोठी बातमी ठरली. मुखपृष्ठामागच्या श्रेयनामावलीत कोण येणार आणि कोण आकड्यात विरणार, हे सौंदर्यशास्त्र ठरवीत नाही, स्वामित्वहक्काचा कायदा ठरवितो. ज्याला आपले समीक्षक 'मुक्त क्रीडा' म्हणतात, तिच्या सीमारेषा वकिलांनी आखलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातली मूळ आवृत्ती आणि परदेशी आवृत्ती यांत परवानगीअभावी पडलेला फरक ही याची साक्ष आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व नावे उघड केली, तर गटावर खटल्यांची रांग लागेल. मग कृतीच उरणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की हे मौन सक्तीचे आहे. सक्तीच्या मौनाला स्वातंत्र्य म्हणण्याचे समीक्षेला कारण नाही.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मूळचे कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते, हा. आंतरसंहितात्मक कृतीला 'मूळ' नसते, म्हणून तिला पाठचिकित्सा नको, असे मानणे ही पळवाट आहे. उलट जिचे धागे हजार ठिकाणांहून आलेले आहेत, तिलाच पाठचिकित्सेची सर्वाधिक गरज असते. दोन पाठ शेजारी ठेवून कोणता आवाज कुठे गळला आणि त्याजागी काय आले हे दाखविणारी आवृत्ती खऱ्या अर्थाने विस्तारित ठरली असती. त्याऐवजी आपल्या हाती पडली ती पुरवणी.

खेळाला संग्रहालयात ठेवण्यास आमचा विरोध नाही. कालांतराने सर्वच खेळ तिथे जातात. पण संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी असते. ती वस्तू कुठून आली, कोणाच्या हातची होती, हे तीवर लिहिलेले असते. निर्मात्यांना ती चिठ्ठी लिहिता येत नसेल, तर ते काम समीक्षकाचे आहे. ते टाळून 'कर्ता मेला' असा उत्सव करणारी समीक्षा प्रत्यक्षात फक्त निनावी माणसांचाच मृत्यू साजरा करते. नामवंत कर्ते तर कंसात सुखरूप आहेत.