‘द्याल ते चालेल’ असे म्हणू नये

शिक्षण पूर्ण करून खाजगी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना अखेरीस एक प्रश्न हमखास विचारला जातो : वेतनाची अपेक्षा काय? तोवर विषयाच्या प्रश्नांना धीटपणे उत्तरे देणारा उमेदवार येथे अडखळतो आणि ‘आपण द्याल ते चालेल’ असे म्हणून मोकळा होतो. हे उत्तर विनयाचे आहे असे आपल्याकडे समजले जाते. आमच्या मते ते सवयीचे आहे, आणि ही सवय फार जुनी आहे.

महार वतनात राबणाऱ्या माणसाच्या कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि मोबदल्याला निश्चित आकडा नव्हता. खळ्यावर बलुते म्हणून जे पदरात पडेल ते घ्यायचे, तेही देणाऱ्याची मर्जी सांभाळून. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच. त्या वेळी ते तडीस गेले नाही; कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. आमच्यापैकी अनेकांच्या घरात कामाचे मोल आधी ठरवून मग काम करण्याचा अधिकार एवढाच जुना आहे.

त्यानंतरची पिढी शिकली आणि राखीव जागांमुळे शासकीय सेवेत गेली. तेथे वेतनश्रेणी ठरलेली असते. शिक्षक, तलाठी, टपाल वा रेल्वे कर्मचारी यांना आयुष्यात कधी कोणाशी पगाराची बोलणी करावी लागली नाहीत. ही त्या नोकरीची प्रतिष्ठाच होती. मागणे नाही, घासाघीस नाही. परंतु त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांकडे या बाबतीत मुलांना देण्याजोगा अनुभवच साठला नाही. ज्या घरांत तीन पिढ्या कंपन्यांत नोकरी करीत आल्या, तेथील मुलगा जेवणाच्या पानावर बसून हे सारे ऐकत मोठा होतो. आपल्या मुलाला घरून सल्ला मिळतो तो एवढाच : ‘जास्त बोलू नकोस, मिळाली आहे ती धर.’ त्या सल्ल्यामागचे भय खोटे नव्हते; पण आज त्याची किंमत मुलगा मोजतो.

वसतिगृहाचाही यात थोडा वाटा आहे. आम्ही येथे दानावर वाढलो. ताटात आले त्याविषयी कृतज्ञ राहावे, अधिक मागू नये, हा संस्कार येथे झाला आणि तो योग्यच होता. मात्र वेतन हे दान नव्हे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम नेमून देणे आणि अन्न व वेतन देणे ही त्यांतली पहिली दोन. जे देणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे, त्याविषयी विचारणा केल्याने घेणारा कृतघ्न ठरत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. नियुक्तिपत्रात वर्षाला सहा लाख रुपये लिहिलेले असले की घरी आनंदाने सांगितले जाते, महिना पन्नास हजार. तसे ते नसते. ही रक्कम ‘सीटीसी’ असते, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. समजा, त्यांतले साठ हजार कामगिरीवर अवलंबून असलेले आहेत आणि मूळ वेतन तीन लाख आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा. सुमारे साडेचौदा हजार उपदानाचे, जे सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. मग आपला स्वतःचा १२ टक्के हिस्सा आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा हाती येतात सुमारे ३७,६०० रुपये. पुण्यात खोलीची अनामत भरायची आणि गावी पैसे धाडायचे, ते यातूनच. म्हणून बोलणी सुरू करण्यापूर्वी वेतनाचा तपशील लेखी मागावा. तो मागण्यात उद्धटपणा नाही.

आकडा ऐकताच होकार देऊ नये; विचार करण्यासाठी दोन दिवस मागून घ्यावेत. आधीच्या नोकरीत किती मिळत होते असे विचारल्यास खोटे सांगू नये, पण बोलणे त्या आकड्यावर थांबूही देऊ नये. या पदाची जबाबदारी पाहता माझी अपेक्षा अमुक आहे, असे शांतपणे सांगावे. घरची अडचण पुढे करू नये. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण ही कारणे खरी असतात. तरी ती सांगताच आपण पुन्हा याचकाच्या जागी जाऊन बसतो. कौशल्य, अनुभव आणि त्या कामाचा बाजारातला दर, एवढ्यावरच बोलावे. महाविद्यालयातून थेट होणाऱ्या निवडीत सर्वांना बहुधा एकच वेतन असते. तेथे फारसा वाव नाही. खरा वाव दुसऱ्या नोकरीच्या वेळी असतो आणि नेमके तेव्हाच आपण गप्प राहतो. सुरुवातीला दरमहा पाच हजार कमी घेतले आणि वार्षिक वाढ दहा टक्के धरली, तर पाच वर्षांत हा फरक साडेतीन लाखांवर जातो.

मुलींच्या बाबतीत हे मौन अधिक गाढ असते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ पासून आहे. परंतु शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला किती मिळते हेच ठाऊक नसेल, तर त्या कायद्याचा आधार घ्यायचा कसा?

यासाठीच माजी विद्यार्थ्यांना आमचे एक सांगणे आहे. आपण स्नेहमेळाव्यात भेटतो, मुलांची प्रगती सांगतो, घराच्या वास्तूची छायाचित्रे दाखवतो, मात्र पगाराचा आकडा सांगत नाही. लहान असला तर संकोच वाटतो, मोठा असला तर दृष्ट लागेल असे वाटते (दृष्ट मानीत नाही असे म्हणणाऱ्यांनाही). बारावीनंतर बाहेर पडणाऱ्या मुलांना आपल्या सत्कारापेक्षा या आकड्याचा उपयोग अधिक आहे. संस्थेच्या ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी आणि मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाने तीत एक ओळ लिहावी. नाव लिहिण्याची गरज नाही. पद, शहर, अनुभवाची वर्षे आणि दरमहा हाती येणारी रक्कम, एवढे पुरे.