विमान ‘आपटले’ म्हणजे वैमानिक चुकला?

पनवेलकरांसाठी विमानतळ आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. विमानातून उतरणाऱ्याचे पहिले मत बहुधा लँडिंगबद्दलच असते. अलगद उतरले तर वैमानिक निष्णात, धक्का बसला तर नवशिका. आणि उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर ‘याला जमले नाही’ असा शेरा. या समजुती बदलायला हव्यात, कारण तिसरी समजूत तर थेट जिवाशी खेळणारी आहे.

धक्का केव्हा चांगला, केव्हा वाईट?

ओल्या धावपट्टीवर विमान अगदी हळुवार टेकवले, तर चाके आणि धावपट्टी यांच्यात पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक लागत नाहीत. म्हणून पावसात वैमानिक मुद्दाम थोडे ठामपणे विमान टेकवतात. तो धक्का म्हणजे चूक नव्हे. खरे ‘हार्ड लँडिंग’ वेगळे. त्यात विमान मर्यादेपेक्षा जास्त वेगाने खाली येऊन आदळते. विमानातील यंत्रणा त्याची नोंद ठेवते आणि अभियंत्यांनी तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवता येत नाही.

मुंबईत काय घडले होते?

जून १९८२. एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ हे बोइंग ७०७ क्वालालंपूरहून मद्रासमार्गे मुंबईत उतरत होते. मुसळधार पाऊस होता. विमानात १११ जण होते, त्यातील १७ जणांचा मृत्यू झाला. तपासात निघालेला निष्कर्ष असा: विमान नेमके किती उंचीवर आहे याचे भान सुटले, जमिनीला टेकण्याच्या १२ सेकंद आधी वैमानिकाने इंजिनांची शक्ती कमी केली आणि विमान वेगाने खाली येऊन आदळले. चूक होती अवघ्या काही सेकंदांची.

मग इतर अपघातांत काय दिसते?

२२ मे २०१०, मंगळूर. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर थांबू न शकल्याने दरीत कोसळले. १५८ जण दगावले, आठ वाचले. विमान गरजेपेक्षा जास्त उंचावरून येत होते. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना वारंवार दिली. कप्तानाने ती मानली नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोड. पुन्हा दुबईचे विमान, पुन्हा डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, त्यात पाऊस आणि पाठीमागून वारा. कप्तानाच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकले. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटले होते, तरी उतरणे चालूच राहिले. २१ जणांनी प्राण गमावले. कप्तान दीपक साठे हे वायुदलातून आलेले अनुभवी मराठी वैमानिक होते. अनुभव कमी असल्यामुळे हे घडले, असे म्हणता येत नाही.

केवळ वैमानिकच दोषी?

कोळिकोडच्या तपास अहवालाने वैमानिकाकडून नियम पाळले गेले नाहीत, असे स्पष्ट म्हटले. पण अहवाल तिथेच थांबला नाही. कप्तानाला दुसऱ्या दिवशी पुढचे उड्डाण होते, त्या तळावर कप्तानांची संख्या अपुरी होती आणि कप्तानापुढे सहवैमानिकाचा आवाज दबला, याकडेही त्याने बोट दाखवले. ‘वैमानिकाची चूक’ एवढ्या दोन शब्दांत फाइल बंद केली, की चूक घडवणारी परिस्थिती तशीच राहते आणि पुढच्या विमानात जाऊन बसते.

तर काय व्हायला हवे?

नियम साधा आहे. ढगाळ किंवा पावसाळी हवेत विमान जमिनीपासून हजार फुटांवर असताना वेग, दिशा आणि उतरण्याचा दर ठरल्याप्रमाणे नसेल, तर पुन्हा वर जायचे. गो-अराउंडला इंधन लागते, उशीर होतो आणि तेही कौशल्याचेच काम आहे, हे मान्य. पण चुकत चाललेले लँडिंग ओढून नेण्यापेक्षा तो सौदा केव्हाही स्वस्त.

म्हणून विमान कंपन्यांनी वर गेलेल्या वैमानिकाकडे उशिराचा किंवा इंधनाचा जाब मागू नये. दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’ म्हटले, की वाद न घालता विमान वर घेतलेच पाहिजे, मग समोर कितीही ज्येष्ठ कप्तान असो. वैमानिकांच्या कामाच्या वेळा आखताना ‘आज पोहोचलोच पाहिजे’ हे ओझे त्यांच्या डोक्यावर नको.

नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. ती डोंगरमाथ्यावर नाही, हा दिलासा. पण पनवेलचा पाऊस काय असतो, हे आपल्याला सांगायला नको. लांब धावपट्टी चुकीला थोडी जागा देते, चूक माफ करत नाही.

आणि आपण प्रवासी? पावसाळ्यात कधी विमान खाडीवरून खाली येता येता अचानक गर्जत वर गेले, तर पट्टा घट्ट करा आणि शांत बसा. घरी पोहोचायला थोडा उशीर होईल. पण पुढे बसलेल्या कोणीतरी घाईपेक्षा तुमचा जीव मोठा मानला, एवढाच त्याचा अर्थ.