पाखाड्या धावत्या राहोत

दोन दशकांपूर्वी धावणे हा आपल्याकडे शाळेच्या मैदानापुरता विषय होता. आज साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन हजारो धावपटूंना डोंगराकडे खेचते. तोच घाटरस्ता पुढे कासच्या पठाराकडे जातो आणि 2012 पासून ते पठार जागतिक वारशाचा भाग आहे.

अशा वाटांसाठी कोकणातील पावस गावाने कोणाकडे पाहण्याची गरज नाही. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराजवळून निघावे, जांभ्याची पाखाडी म्हणजे दगडी पायवाट चढून सड्यावर, कातळी पठारावर यावे, गणेशगुळ्याचे गणपती मंदिर गाठावे, दक्षिणेला मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडाकडे वळावे. आंबा-काजूच्या बागा, देवराईची सावली, चढ-उतार आणि समुद्र एकाच फेरीत मिळतात.

मात्र पाखाड्यांवर सरसकट काँक्रीट ओतले जात आहे. कठीण पृष्ठभाग गुडघ्यांना जाचतो आणि पाणीही मुरू देत नाही. ग्रामपंचायती व जिल्हा परिषदेने जुन्या पाखाड्यांची नोंद करावी, निखळलेला चिरा चिऱ्यानेच बसवावा, फाट्यांवर मराठी दिशाफलक लावावेत. कोकणातील सड्यांवरच्या कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. धावताना त्यांच्यावर एकही पाऊल पडू नये. देवराईत ध्वनिक्षेपक नको, वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. पावसाळ्यात शेवाळलेला चिरा निसरडा होतो. म्हणून दसऱ्यानंतरचा हंगामच योग्य.

गावकऱ्यांच्या संमतीने आखलेली वाट घरगुती न्याहारी आणि निवासालाही हातभार लावेल. येत्या हंगामाआधी ही आखणी व्हायलाच हवी.