पेशी सरकतात, माणसं ढकलली जातात

स्थलांतर ही निसर्गाचीच रीत आहे, शरीरातल्या पेशीसुद्धा जागा बदलतात, मग मजूर गाव सोडतो याचा एवढा गहजब कशाला, असा युक्तिवाद करणारे विद्वान अधूनमधून भेटतात.

पेशी जागा बदलतात हे खरं. बोट कापलं की जखमेतून रासायनिक संकेत सुटतात आणि पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत तिथे पोचतात. पण उदाहरण दिलंच आहे, तर पूर्ण द्या. पेशीचा अभ्यास करणारा विचारतो, संकेत कुठून आला, रेटा कुणाचा होता? माणसाबद्दल हेच प्रश्न विचारायला तुमची जीभ का अडखळते?

बीडचा ऊसतोड कामगार घ्या. दुष्काळ अख्ख्या गावावर पडतो, मग ट्रॅक्टरवर बिऱ्हाड कुणाचं चढतं? बागायतदाराचं नाही. चढतं ते भूमिहीनाचं, कोरडवाहू तुकडेवाल्याचं. त्यांत वंजारी आहेत, भटके आहेत, बौद्ध आणि मातंगही आहेत. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', म्हणजे बाईच्या घामाचा वेगळा हिशेबच नाही. तिथल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. यात निसर्ग कुठे आहे?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच गाव सोडायला सांगितलं होतं. होय. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी गावगौरवाचा फुगा फोडला. कलम 19 ने देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क दिला. पण शहरात गेलं की जात सुटते, असा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. 1917 मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी सराईतून बाहेर काढलं.

म्हणून मित्रांनो, उचल घेऊन जाणं आणि हक्काने जाणं यांतला फरक जमिनीने पडतो. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, तोच मुकादमाला नाही म्हणू शकतो. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उगाच उभारले नव्हते.

जयंतीच्या मिरवणुकीइतकीच ताकद इथेही लावा. यंदा गाड्या निघायच्या आत वस्तीवर जा. कुणी किती उचल घेतली, कुठल्या कारखान्यावर चाललेत, मुलं कुणाजवळ राहणार, याची यादी करा. बाईची मजुरी बाईच्या खात्यात आणि मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह, या दोन मागण्या घेऊन तहसीलवर धडका.

जयभीम!